चोविसावा हिस्सा

१

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी, सहाशे यार्डांच्या सामन्यात, हॉलिस मर्केलची रायफल त्याच्यावरच उलटली.

नळी शाबूत राहिली, दस्ताही राहिला. काडतुसाचं पितळी बूड तेवढं फाटलं आणि आतला तापलेला वायू नळीमागच्या बोल्टच्या फटीतून मागे आला. चष्मा होता, पण वायू चष्म्याखालून शिरला आणि उजवा डोळा गेला. मी गुण लिहायच्या टेबलाशी होते. तो आवाज नेहमीचा नव्हता हे आमच्या ड्राय फोर्क रायफल क्लबात कुणाला सांगावं लागलं नाही. अख्ख्या रांगेने एकदम माना वळवल्या.

डोळा जाणं वाईटच. पण मोंटानातल्या आमच्या या कोपऱ्यात त्याहून वाईट एक गोष्ट झाली. ते काडतूस हॉलिसने स्वतः भरलं होतं. इथे निम्मं गाव गॅरेजमध्ये बसून रिकाम्या टरफलांत दारू मापून आपापली काडतुसं भरतं, आणि त्या निम्म्या गावाला ते शिकवलं हॉलिसने. सव्वीस हिवाळे त्याने क्लबात वर्ग चालवला. आता मास्तरच नापास झाला, असं लोक कॉफी पिता पिता बोलू लागले.

मी व्हर्ना प्रुइट. तीस वर्षं विमा कंपनीसाठी गारपिटीचे पंचनामे केले. छपरावरचा कुठला पोचा परवाच्या गारेचा आणि कुठला दहा वर्षांपूर्वीचा, हे पत्रा बघून सांगायचं, हा माझा धंदा. लोक मला बसायला खुर्ची द्यायचे आणि मनात शिव्या द्यायचे. निवृत्त झाले तशी क्लबाची चिटणीस झाले, त्यामुळे या अपघाताचा अहवालही माझ्याच गळ्यात आला. गुरुवारी समितीची बैठक होती. विषय एकच, हॉलिसचा वर्ग काढून घ्यायचा.

तो इस्पितळातून घरी आला, त्याच्या पुढच्या सोमवारी मी गेले. डोळ्यावर पट्टी, समोर कॉफी, आणि बायको आर्डिथ दारात पहारा दिल्यासारखी उभी.

"मला वाचवायला आली असशील तर कॉफी पी आणि जा," हॉलिस म्हणाला. "सबब नकोय मला. माझा हात कुठे चुकला ते शोधून दे."

"आणि सापडलं तर?"

"सापडलं तर वर्ग मीच सोडतो, तुम्हाला ठराव करायला नको. नाही सापडलं तर मी पुन्हा काडतूस भरायला बसूच शकणार नाही, व्हर्ना. हाताचा भरवसा गेला की माणसाचं काय राहतं?"

आर्डिथ म्हणाली, "डॉक्टर त्याला झोप म्हणतात. झोपतोय कुठे. हाताकडे बघत बसतो."

२

हॉलिसने वही पुढे सरकवली. नऊ वर्षांची नोंद होती. तीच गोळी, तीच बंदुकीची दारू, तेच वजन, आणि वेग दरवेळी सेकंदाला दोन हजार नऊशे वीस फुटांच्या आसपास.

हा वेग आमच्यासाठी फार मोठी गोष्ट. काडतुसाच्या पोटात दाब किती झाला हे कुणाला दिसत नाही. गोळी किती वेगाने बाहेर पडली त्यावरून अंदाज बांधायचा, आणि तो वेग मोजायचं यंत्र म्हणजे क्रोनोग्राफ. क्लबाचा जुना क्रोनोग्राफ सगळे वापरतात. निळ्या पट्टीवर दोन फुटांच्या अंतराने दोन डोळे, प्रत्येकावर पांढरी कमान. गोळी एका कमानीखालून शिरते, दुसरीखालून निघते, यंत्र मधला वेळ मोजून आकडा दाखवतं. ढग आला की ते रुसतं, आणि कमानींना नवशिक्यांनी पाडलेली भोकंही आहेत. म्हणून हॉलिसने स्वतःचं घ्यायचं ठरवलं.

"तीन महिने घातलेस निवडायला," मी म्हटलं. "लग्नाला एवढा वेळ घेतला नव्हतास."

"लग्नात नळीला काही लटकवायचं नव्हतं." तो पहिल्यांदा हसला. "नळीला पट्ट्याने बांधायचं एक येतं. पण तेवढ्या वजनाने नळी वेगळी वागते, गोळ्या भलतीकडे जातात. म्हणून रडारवालं घेतलं, आपल्या क्लबातल्या कोरी यॉस्टचं जुनं. रायफलच्या शेजारी हातभर अंतरावर ठेवायचं, तोंड निशाणाकडे करायचं, शेजाऱ्याची गोळी मोजू नये म्हणून कान जरा मंद करायचे. बस."

मार्चच्या थंडीत त्याने ते पहिल्यांदा लावलं. नऊ वर्षांचं ठरलेलं काडतूस उडवलं आणि रडारने दाखवलं दोन हजार आठशे. एकशेवीस फूट गायब. दारूचा डबा त्याच दिवशी नवा फोडला होता.

"म्हणजे दारू कमजोर आली," हॉलिस म्हणाला. "दोन आठवडे थोडी थोडी वाढवत गेलो. दोन हजार नऊशे वीस आले तिथे थांबलो. उडवलेल्या टरफलांवर जादा दाबाची खूण नव्हती."

"मार्चमध्ये. बर्फात."

"हो. आणि जुलैच्या उन्हात दाब चढला. ते मी पोरांना दर वर्षी शिकवतो."

"दारू भरायच्या पुस्तकात शेवटची रेष असते, हॉलिस. त्यापुढे दारू भरू नका, अशी."

"ओलांडली."

"तू?"

त्याने वही मिटली. आमच्यात एक रीत आहे, बायबलइतकी पाळतात. दुसऱ्याला कुणी दारू वाढव म्हणून सांगत नाही. कुणी विचारलं तर पुस्तक पुढे करायचं, बोट ठेवायचं आणि तोंड बंद. ही रीत गावाला हॉलिसनेच लावली.

"कुणाला विचारलं होतंस का?"

त्याने कप फिरवला. "सव्वीस वर्षं लोक मला विचारतात. मी कुणाला विचारणार?" त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पट्टीमुळे असेल, असं मी धरलं.

तेवढ्यात माझा धाकटा भाऊ लीलंड आला. तो बंदुकांचा कारागीर. त्याच्या नळ्या वेगवान म्हणून तीन परगण्यांत नाव, आणि क्लबातल्या बहुतेक रायफलींवर, हॉलिसच्या आणि माझ्याही, त्याचीच नळी. हॉलिस त्याचा तीस वर्षांचा दोस्त. शंभर मैलांवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे लीलंडच त्याला आपल्या गाडीतून नेत होता.

दारापर्यंत सोडायला आला तेव्हा लीलंड हळूच म्हणाला, "ताई, फार उकरू नकोस. म्हातारा थकलाय. गुरुवारी मीच उठून सांगतो की चूक कुणाकडूनही होते."

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला मी वाढवलं. त्या दारात मला त्याचा अभिमान वाटला, हे इथे लिहून ठेवते.

३

दारू विकली मार्विन टीगने. क्लबाचा अध्यक्षही तोच, आणि वर्ग काढून घ्यायची घाई त्यालाच होती. कमजोर माल विकून मास्तरवर ढकलतोय, अशी कुजबुज मी ऐकली होती.

"व्हर्ना," मला बघताच तो म्हणाला, "माझ्या दुकानात गारा पडल्या नाहीत."

"पडल्या असत्या तर आधी छत बघितलं असतं. दारूचा डबा दाखव. हॉलिसला दिलास त्याच खेपेतला."

मार्विनने कुरकुरत डबा काढला. खेपेचा क्रमांक तोच. त्या खेपेचे तीनच डबे आले होते. एक हॉलिसने नेला, एक कोरीने, एक मार्विनने स्वतः वापरला.

"तुला वाटतं मी भेसळ करतो? मी हेच माझ्या रायफलीत घालतो, बाई. चेहरा माझाही एकच आहे."

"आणि तोही काही फार चांगला नाही. वही काढ."

त्याची वही बघितली. क्लबाच्या जुन्या यंत्रावर, एप्रिलच्या एकाच सकाळी, त्याने जुन्या डब्यातली दहा आणि नव्या डब्यातली दहा काडतुसं मोजली होती. फरक पाच फुटांचा. पाच फूट म्हणजे काहीच नाही.

दारू कमजोर नव्हती. मग हॉलिसचे एकशेवीस फूट गेले कुठे? एकच जागा उरत होती, ते रडार.

"ते यंत्र कोरीने विकलं ना त्याला?" मार्विन गल्ल्यावर रेलून म्हणाला. "आणि वर्ग आता कुणाला मिळणार, सांग बघू. कोरीलाच. मी काही बोलत नाही हं. मी फक्त दारू विकतो."

४

कोरी यॉस्ट एकोणतीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी आयडाहोतून आला, शेतातले पाण्याचे फवारे दुरुस्त करतो. गावाला तो फारसा आवडत नाही, कारण गोळी किती खाली पडणार हे तो फोनवर आकडेमोड करून सांगतो आणि ते बरोबर येतं. आमच्याकडे आधी मारून बघतात, मग कार्डावर लिहून ठेवतात.

मंगळवारी सकाळी त्याला रेंजवर बोलावलं. हॉलिसचं रडार मी आणलं होतं.

"बिघडलेलं यंत्र विकलंस का रे त्याला?"

कोरी चिडला नाही. गाडीतून त्याने आपलं नवं रडार काढलं आणि रायफलच्या दोन्ही बाजूंना एकेक ठेवलं. "तुम्हीच वाचा, मॅडम. मी नुसता घोडा दाबतो."

दहा गोळ्या झाल्या. दोन्ही यंत्रांत दोन-तीन फुटांचा फरक. मग त्याने सहाशे यार्डांवरचा कागद दाखवला. रडारच्या आकड्यावरून जिथे पडायला हवी होती तिथेच गोळी पडली होती.

"यंत्र खोटं बोलेल," कोरी म्हणाला, "पण गोळी खाली किती पडते त्यात लबाडी चालत नाही. हॉलिससाहेबांचं रडार चोख आहे. खोटं असेल तर ते तुमचं क्लबातलं. मी फेब्रुवारीतच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस?"

"ज्यांना सांगायचं त्यांना. बघतो म्हणाले." तो रडार पिशवीत घालू लागला. "बाहेरून आलेल्याचं कोण ऐकतं इथे?"

यंत्राबद्दल काही सांगायचं तर माणूस वर्गाच्या मास्तरला सांगणार, असं मी गृहीत धरलं. म्हणजे हॉलिसला फेब्रुवारीपासून माहीत होतं आणि काल त्याने मला ते सांगितलं नाही. मला राग आला आणि त्या रागात मी कोरीला नाव विचारलंच नाही. तीस वर्षांच्या धंद्यात अशी चूक मी केली नव्हती.

५

क्लबाच्या शेडची चावी समितीतल्या चौघांकडे असते. मार्विन, हॉलिस, लीलंड आणि मी. यंत्र बाहेर काढून मी पोलादी पट्टीने अंतर मोजलं, डोळ्याच्या मध्यापासून डोळ्याच्या मध्यापर्यंत. बरोबर दोन फूट. केसाचाही फरक नाही.

मग यंत्र पंधरा फुटांवर मांडलं, शेजारी हॉलिसचं रडार ठेवलं आणि माझ्याच रायफलीने पाच गोळ्या झाडल्या. जुन्या यंत्राने दाखवलं दोन हजार सहाशे पंचेचाळीस. रडारनेही तेच.

मी खुर्चीत बसले. दारू चांगली, रडार चोख, क्लबाचं यंत्रही चोख. मग खोटी काय उरली? हॉलिसची वही. नऊ वर्षं त्याने मनाने आकडे लिहिले, किंवा चुकून लिहिले, आणि शेवटी त्या खोट्या आकड्याच्या मागे धावून डोळा घालवला. गुरुवारी मला हेच वाचून दाखवावं लागणार होतं.

घरी आले. जेवायची इच्छा नव्हती, पण सवयीने आजच्या पाच गोळ्या लिहायला माझी वही उघडली.

मागच्या ऑगस्टची नोंद समोरच होती. तीच रायफल, तेच काडतूस, तेच क्लबाचं यंत्र, आणि माझ्या अक्षरात लिहिलेलं, दोन हजार सातशे साठ.

६

माझी वही मी मनाने लिहीत नाही. आणि एका हिवाळ्यात रायफल एकशेपंधरा फुटांनी म्हातारी होत नाही.

कागद घेतला. हॉलिसचे गेले एकशेवीस, माझे एकशेपंधरा. त्याची गोळी वेगवान, माझी सावकाश, म्हणजे ज्याचा वेग जास्त त्याचं नुकसान जास्त. गारा अशा पडत नाहीत, पण चुकीची मापपट्टी अशीच खाते, सगळ्यांचा सारखा हिस्सा. दोन हजार सातशे साठला एकशेपंधराने भागलं. उत्तर आलं चोवीस, पूर्ण चोवीस. हॉलिसचं भागलं, चोवीस आणि वर थोडं.

दोन फुटांत इंच चोवीस. चोविसावा हिस्सा म्हणजे एक इंच.

ते दोन डोळे एक इंच जवळ असले तर गोळी लवकर पोचते, आणि यंत्राला वाटतं की ती वेगवान आहे. गेल्या ऑगस्टपर्यंत क्लबाचं यंत्र एक इंच खोटं होतं. आज ते खरं होतं. मधे कुणीतरी ते दुरुस्त केलं आणि कुणाला काही बोललं नाही.

बुधवारी सकाळी मी पुन्हा शेडमध्ये गेले. या वेळी मोजायला नाही, पंचनामा करायला. ती निळी पट्टी नऊ वर्षं उन्हात राहून राखाडी पडली होती. जिथे काही झाकलेलं असतं तिथला रंग मात्र ताजा राहतो. छपरावरच्या पोच्यांचं वय मी असंच काढत आले. मागच्या डोळ्याच्या आतल्या बाजूला गडद निळा चौकोन दिसत होता. डोळा वर्षानुवर्षं तिथे बसला होता आणि अलीकडेच इंचभर बाहेर सरकला होता. जुनं छिद्र धातूने बुजवून वर घासलेलं होतं, आणि नव्या छिद्राचा धातू अजून चकाकत होता.

मी नव्या छिद्रात बोट घातलं. कड गुळगुळीत होती. आतून, बाहेरून, दोन्हीकडून कानस फिरवलेली.

या गावात छिद्र पाडणारे शंभर आहेत. मार्विन तर खिळ्यानेही पाडतो. छिद्र पाडून दोन्ही बाजूंनी कड मारणारा मला एकच माहीत आहे. तो आठ वर्षांचा असताना त्याने कापलेल्या पत्र्याच्या कडेने माझा अंगठा चिरला होता, आणि मी त्याला बजावलं होतं की पुन्हा कधी कड तशीच सोडायची नाही. त्याने कधीच सोडली नाही.

शेडच्या पायरीवर बसून मी कोरीला फोन लावला. "फेब्रुवारीत तू कुणाला सांगितलंस?"

"ज्यांनी ती पट्टी बनवली त्यांना, मॅडम. तुमच्या भावाला."

७

लीलंड लेथवर होता. मला बघून त्याने यंत्र बंद केलं आणि हात पुसले. मी काही बोलायच्या आधीच त्याचा चेहरा पडला. पोरपणीही त्याला लपवता यायचं नाही. नऊ वर्षं कसं जमलं, देव जाणे.

"मुद्दाम नव्हतं, ताई," तो म्हणाला. "क्लबाने यंत्र घेतलं, पट्टी मी बनवून दिली. अंतर डब्यांच्या बाहेरच्या कडांपासून मोजलं. डोळ्याच्या मध्यापासून मोजायला हवं होतं. इंचभर कमी आलं."

"कधी कळलं?"

"महिन्याभरात."

"मग?"

"तोवर चार नळ्या विकल्या गेल्या होत्या. लोक पुस्तक उघडायचे, यंत्र बघायचे आणि म्हणायचे, लीलंडच्या नळीत शंभर फूट जास्त. मी एकदाही असं म्हणालो नाही. तेच म्हणायचे."

"आणि तू ऐकून घ्यायचास."

"आपली रायफल वेगवान निघाली म्हणून तक्रार कोण करतो? कुणाचं काय बिघडत होतं? आकडा खोटा, पण सगळ्यांना सारखाच खोटा. निशाणावर मारून कार्ड लिहितात सगळे. चाललं होतं."

त्याचं म्हणणं तिथवर मला कळत होतं, हे सांगायची लाज वाटते. दोन हजार सातशे साठ मीही कौतुकाने चारचौघांत सांगत आले होते.

"फेब्रुवारीत कोरीने सांगितलं."

"हो."

"आणि मार्चमध्ये हॉलिसने खरं यंत्र लावलं. त्याला कमी आकडा दिसला. तो तुझ्याकडे आला?"

लीलंडने पाठ फिरवली.

"फोन केला होता," तो म्हणाला. "म्हणाला, नळी तुझी आहे, तूच सांग, एकशेवीस फूट कुठे गेले. मी म्हटलं, दारू कमजोर असेल. म्हणाला, पुस्तकातल्या रेषेच्या वर जावं लागेल. मी म्हटलं, माझी नळी सोसते, भर थोडी."

शेवटचे दोन शब्द त्याने जमिनीकडे बघून उच्चारले. ती रीत आम्ही दोघंही हॉलिसकडूनच शिकलो होतो.

"एक वाक्य होतं, लीलंड. यंत्र खोटं होतं, एवढंच."

"एक वाक्य नव्हतं ते. नऊ वर्षं होती. माझं नाव होतं. मला वाटलं, पाच-पन्नास फूट चढवेल आणि सोडून देईल."

"आणि तो इस्पितळात पडला होता तेव्हा शेडमध्ये जाऊन तू छिद्र पाडलंस."

"मी त्याला रोज डॉक्टरकडे नेतो, ताई."

"नेतोस. आणि त्याच तोंडाने गुरुवारी उठून त्याला माफ करणार होतास."

तो रडला. मी त्याला जवळ घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा घेतलं नाही. मग डोळे पुसून तो म्हणाला, "यंत्र चुकीचं होतं, असं लिही. ते खरंच आहे. हॉलिस सुटेल. माझं नाव कशाला? मी तुझा भाऊ आहे."

"आठवतंय मला," मी म्हटलं आणि निघाले.

८

हॉलिसच्या स्वयंपाकघरात मी सगळं क्रमाने सांगितलं. इंच, पट्टी, उडालेला रंग, छिद्र. भावाचं नावही घेतलं. आर्डिथ ओट्याला टेकून उभी होती.

"म्हणजे नऊ वर्षं मी दोन हजार आठशेच मारत होतो," शेवटी तो म्हणाला.

"हो. तुझं जुनं काडतूस अगदी बरोबर होतं. हात चुकला नाही तुझा."

"त्याला फोन केला हे तुला सांगितलं नाही मी."

"का नाही सांगितलंस?"

"उगाच त्याला त्रास. रोज दोनशे मैल गाडी चालवतोय माझ्यासाठी." तो थांबला. "फोनवर जरा वेळ गप्प होता तो. मला वाटलं, विचार करतोय."

आर्डिथने कप जोरात ठेवला. हॉलिस तिच्याकडे वळला नाही, माझ्याकडेच बघत राहिला, त्या एका डोळ्याने.

"एकच सांग, व्हर्ना. मी फोन केला तेव्हा त्याला माहीत होतं का?"

मला नाही म्हणता आलं असतं. त्याला ते किती आधी कळलं हे त्याने फक्त मला सांगितलं होतं, आणि कोरीचं इथे कुणी ऐकत नव्हतं. पट्टीची चूक साधी चूक म्हणून गेली असती, हॉलिसचा वर्ग राहिला असता, दोस्तही राहिला असता, आणि मला भाऊ. माझ्या तोंडापर्यंत ते आलं होतं. पण खरं शोधून दे, असं त्याने मला म्हटलं होतं, आणि त्याच्याशी खोटं बोलणारा माझ्या घरातला एक माणूस पुरे होता.

"माहीत होतं," मी म्हटलं. "नऊ वर्षांपासून."

हॉलिसने मान हलवली. तो टेबलावर पसरलेल्या आपल्या दोन्ही हातांकडे बघत होता.

"माझी चूक असती तर मी ती दुरुस्त केली असती," तो म्हणाला. "याचं मी काय करू?"

मी घरी जाऊन अहवाल लिहिला.

गुरुवारी हॉलिस आला नाही. लीलंड आला आणि मागच्या रांगेत बसला. मला वाटतं शेवटपर्यंत त्याची खात्री होती की ताई ते एक पान गाळेल. मार्विनने मला खुर्चीत बसूनच वाच म्हणून सांगितलं, तरी मी उभी राहिले आणि सगळी पानं वाचली. नाव आलं तेव्हा पूर्ण वाचलं, लीलंड स्कोगेन. लग्नाआधी ते आडनाव माझंही होतं.